खुब्यासाठी माझीच मज्जा

मी जन्मापासून सिकलसेलची रुग्ण, एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेली. विदर्भात एवढं सांगितलं की पुढे समजावत बसावं लागत नाही. शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी नागपूरकडच्या सिकलची नोंद 1958 सालीच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. अंग दुखलं की ‘क्रायसिस आला’ म्हणायचं, भरपूर पाणी प्यायचं, गोळी घेऊन पडून राहायचं, हे आमच्या घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

उजव्या जांघेत दुखायला लागलं तेव्हाही असंच झालं. नागपूरच्या मिहान सेझमधल्या नोकरीवर जायला कंपनीच्या बसची पायरी चढायचे, तर पाय उचलेना. एका दवाखान्यात एक्स-रे काढला. “हाड चांगलं आहे, सिकलचंच दुखणं,” म्हणून गोळ्या मिळाल्या. पण क्रायसिस येतो आणि ओसरतो. हे दुखणं ओसरायचं नावच घेईना.

शेवटी मिहानमधल्याच एम्सच्या ओपीडीत नंबर लावला. एमआरआयमध्ये दिसलं की मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटलाय. एव्हीएन, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. वाकड्या झालेल्या लाल पेशी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पलीकडचं हाड मरायला लागतं. एक्स-रेला हे फार उशिरा कळतं. माझं हाड अजून खचलं नव्हतं, हे नशीब.

डॉक्टर म्हणाले, त्या टोकात ड्रिलने वाट करून आतला दाब कमी करू. मग कमरेच्या हाडातली मज्जा काढून, तिच्यातल्या पेशी दाट करून त्या वाटेने आत सोडू. आई लगेच म्हणाली, “साहेब, हिची मज्जाच तर बिघडलेली. तीच परत कायले टाकता?”

मला तो प्रश्न बिनतोड वाटला. डॉक्टरांनाही वाटला असावा, कारण ते खुर्ची ओढून बसले. मज्जेत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी वेगळ्या आणि हाड तयार करणाऱ्या वेगळ्या. अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने 1960 च्या दशकापासून हे दाखवायला सुरुवात केली. सिकलचा दोष हिमोग्लोबिनच्या जनुकात असतो. तो हाड करणाऱ्या पेशीतही असतोच, पण ती पेशी हिमोग्लोबिन बनवतच नाही. मग तिचं काम अडेल कशाला? सिकल बरा करायचा तर सहसा दुसऱ्याची मज्जा लागते. हाड भरायला आपली चालते.

आदल्या संध्याकाळपासून सलाईन, आणि थिएटरमध्ये गरम हवेचं पांघरूण, कारण सिकलवाल्याला थंडी आणि पाण्याची कमतरता दोन्ही महागात पडतात. कमरेखाली बधिर होते, पण जागी होते. जाड सुई कमरेच्या हाडात शिरताना दुखलं नाही, नुसता दाब जाणवला. डॉक्टर थोडीशी मज्जा ओढत, सुई फिरवत, जागा बदलत. एकाच जागेवरून जास्त ओढलं तर नुसतं रक्तच येतं, म्हणाले. सिरिंजमध्ये काळपट लाल द्रव होता आणि त्यावर सावजी रश्श्यावरच्या तर्रीसारखे चरबीचे थेंब. मज्जेतल्या दहा हजार पेशींमागे हाड करणारी फार तर एखादी, म्हणून ते सगळं यंत्रात गरगर फिरवून लालपेशी बाजूला काढायच्या आणि मधला पांढुरका थर घ्यायचा. माझ्या खुब्यात गेलं ते जेमतेम काही चमचे.

संमतीपत्रावर स्पष्ट लिहिलं होतं की ड्रिलिंग जुना उपचार आहे, मज्जेचा फायदा अजून तपासला जातोय. हा प्रामाणिकपणा मला आवडला. ‘स्टेम सेल’चं नाव घेऊन गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करू म्हणणाऱ्यांकडे तो सापडत नाही.

फ्रान्सच्या फिलिप हर्निगू यांनी 2002 मध्ये याच पद्धतीचे 189 खुब्यांचे निकाल छापले. हाड खचण्याआधी केलेल्या 145 खुब्यांपैकी 9 बदलावे लागले. खचल्यानंतर केलेल्या 44 पैकी 25. हे आकडे मी आमच्या सिकलच्या ग्रुपवर टाकले, आणि अजून टाकत असते.

मी सध्या कुबडीशिवाय चालते. सिकल तसाच आहे, त्यासाठी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज चालू आहे. डावा खुबाही कधी धरेल सांगता येत नाही, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवून आहे. तुमच्या घरात एसएस कुणी असेल आणि जांघेतलं दुखणं हटत नसेल, तर एक्स-रे चांगला आला म्हणून घरी परतू नका. एमआरआय मागा.