अर्धशिशी आणि संकष्टी

डोकेदुखी वेगळी आणि अर्धशिशी वेगळी, हे ज्याचं ठणकतं त्यालाच कळतं. आधी जांभया, मग डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा, मग अर्ध्या डोक्यात घण! उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास तर नकोच नको.

उपाय सगळे करून झाले. सुंठेचा लेप, सूर्योदयाआधी दूध-जिलेबी (ही मात्र आवडली!), शेवटी डॉक्टरांची गोळी. ती दुखायला लागल्या लागल्या घेतली तरच उपयोग. पण साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा महिनोन्महिने, महिन्यातले १५ दिवस घेत राहिलं, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. म्हणून डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. झोप, जेवण, ऊन, पाळी, सगळं लिहायचं.

चार महिन्यांत वही बोलायला लागली. जागरण, भर उन्हातला प्रवास... आणि दर संकष्टी! चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला, तोवर पोट रिकामं.

आईला वही दाखवली. चतुर्थीच्या रात्री 'पित्त झालंय' म्हणत तीही वर्षानुवर्षं अंधारात पडून असायची. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू सोड गं. तुझाही मीच धरीन."

आता तिचं मन वळवायचंय. तिच्यासाठीही एक वही आणून ठेवली आहे.