काळी, पांढरी आणि केरे

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसास घराविषयी प्रश्न विचारण्याची एक विद्याच साध्य होते. नळास पाणी किती वाजता येते, शाळा किती लांब, शेजार कसा, महाराष्ट्र मंडळ कोठे भरते, हे सारे तो पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतो. घराखालची जमीन पूर्वी काय होती, हा प्रश्न मात्र त्याच्या यादीत नसतो. सरकारी निवासस्थान तीन वर्षांनी सोडावयाचे. त्याच्या पायाची चिंता बांधकाम खात्याने वाहावी! परंतु निवृत्ती जवळ आली, भविष्यनिर्वाह निधीचा आकडा कळला आणि आम्ही बंगळूरच्या सर्जापूर रोडवर कायमचे घर शोधू लागलो, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने हा प्रश्न माझ्यापुढे आणून ठेवला.

हा रस्ता कोरमंगलाहून निघतो आणि अगरा, बेळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली अशी गावे मागे टाकीत सर्जापुरास पोचतो. गावे म्हणावयाची ती नावापुरती. पण प्रत्येक नावापाशी एक तळे आहे, किंवा होते. कानडीत त्यास ‘केरे’ म्हणतात. बंगळूरास मोठी नदी नाही. पूर्वीच्या लोकांनी उतारावर बांध घालून तळ्यांची साखळी केली. वरच्याचे पाणी सांडावे ते खालच्यात, तेथून बेळंदुरात, पुढे वर्तूरच्या तळ्यात आणि अखेर दक्षिण पिनाकिनीत. नगरवासीयांनी यांतली कित्येक बुजविली. शहराचे मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तळ्यात उभे आहे आणि कंठीरव क्रीडांगण संपंगी तळ्यात. चहाच्या टपरीशी बसलेल्या त्या वृद्धाने माझ्या हातातील रंगीत माहितीपत्रक पाहिले, समोरच्या मोकळ्या जागेकडे बोट केले आणि तो म्हणाला, “इल्लि केरे इत्तु.” येथे तळे होते, एवढाच त्याचा अर्थ.

पाणी अशा गोष्टी विसरत नाही. सप्टेंबर २०२२ च्या पावसात याच रस्त्यालगतच्या वसाहतींतून माणसे होड्यांतून आणि ट्रॅक्टरांवरून बाहेर काढावी लागली. परंतु पाणी निदान दिसते तरी. त्याच बुजलेल्या तळ्यांचा माग काढणारा दुसरा पाहुणा आहे, तो भूकंप.

कठीण कातळातून भूकंपाची लाट वेगाने निघून जाते. मऊ गाळात शिरली की तिची गती मंदावते, आणि समुद्राची लाट किनाऱ्याच्या उथळ पाण्यात जशी उंचावते तशी तीही फुगते. शिवाय गाळाच्या थरास स्वतःचा एक ताल असतो. तसा इमारतीसही असतो. ढोबळ हिशेबाने दर मजल्यास सेकंदाचा एक दशांश भाग, म्हणजे दहामजली इमारत सेकंदास एक हेलकावा घेते. हे दोन ताल जुळले की नागपंचमीच्या झोक्यास नेमक्या क्षणी टेका मिळावा, तसे इमारतीचे होते.

मेक्सिको शहराने हे १९ सप्टेंबर १९८५ रोजी अनुभवले. भूकंप झाला तो साडेतीनशे किलोमीटरांहून दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. पण शहराचा मध्यभाग टेश्कोको सरोवराच्या आटलेल्या तळावर वसलेला. तेथली चिकणमाती दोन सेकंदांच्या तालावर हलू लागली आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती विशेषेकरून कोसळल्या. बैठ्या जुन्या वास्तू पुष्कळशा उभ्या राहिल्या. टेकड्यांकडच्या कठीण जमिनीवर तर हानी अगदी थोडी झाली. जपानातील निइगाता येथे १९६४ मध्ये निराळाच प्रकार घडला. पाण्याने भिजलेली वाळू हादऱ्याने आंबिलीसारखी पातळ झाली आणि अख्ख्या चाळी भिंतींना फारसा तडाही न जाता आडव्या झाल्या. आपल्या जवळचे उदाहरण अहमदाबादचे. २६ जानेवारी २००१ चा भूकंप भूजजवळचा, अहमदाबाद सुमारे अडीचशे किलोमीटरांवर. तरीही साबरमतीच्या गाळावर उभ्या असलेल्या कित्येक बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला, नुसत्या खांबांवर तोललेला होता. हा दोष मातीचा नव्हे, माणसाचा; पण दोघांची गाठ पडली.

बंगळूरात भूकंप कुठला, असे माझे सहकारी हसून म्हणत. २००२ च्या नकाशात हे शहर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते, हे खरे. परंतु मराठी माणसाने अशा नकाशावर निश्चिंत निजावे, हे मला पटत नाही. दख्खनचे पठार अचल, असे शाळेत शिकविले जात असतानाच ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट उगवली. पुढे किल्लारीही १९९३ पर्यंत नकाशात सर्वांत निर्धोक भागातच होती.

किल्लारीचे स्मरण झाले की मला गावच्या जमिनीची जुनी वाटणी आठवते. काळीत पिकवावे आणि पांढरीवर वसावे. महसूल खात्यातील वाचकांस हे सांगावयास नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तीवर भिंत टिकत नाही, हे कुणब्यास पुस्तकावाचून ठाऊक होते. त्या वाटणीत मोठे शहाणपण होते, पण ते भूकंपासाठी नव्हते. पांढरी म्हणजे काही कातळ नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ढासळलेल्या मातीच्या भिंतींचा, राखेचा आणि केरकचऱ्याचा तो थर. तीवर दोन-तीन फूट रुंदीच्या, चिखलात रचलेल्या दगडी भिंती, आणि वर मातीचे जड माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून निजलेल्या माणसांवर ते सारे आले. सुमारे दहा हजार जीव गेले. जेथे माळवद लाकडी खणांवर पेललेले होते, तेथे काही ठिकाणी भिंती पडूनही छत राहिले. तेव्हा किल्लारीचा सारा दोष मातीवर टाकणे अन्यायाचे होईल.

हे मनात असल्यामुळे मी विकासकाच्या कचेरीत माती परीक्षणाचा अहवाल मागितला. तेथील तरुणाने प्रथम मला पोहण्याच्या तलावाचे चित्र दाखविले. (तळ्याच्या जागी तळेच, हेही खरे!) तिसऱ्या खेपेस अहवाल हाती आला. मुलीच्या लग्नात पत्रिका पाहिली नाही, ती मी येथे पाहिली. साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरावरून टाकावयाचा आणि नळी तीस सेंटिमीटर आत जाण्यास किती घाव लागतात ते मोजावयाचे, अशी ही पद्धत. दहाहून कमी घाव म्हणजे जमीन मऊ, तिसांहून अधिक म्हणजे कठीण. वरचे चार मीटर भराव, पुढे तीन मीटर गाळ, त्यास चार-पाच घाव; मग कुजका खडक आणि अकराव्या मीटरावर ग्नाइसचा अतिप्राचीन कातळ.

त्या आवारात एक उंच इमारत होती आणि भोवती बागेची दुमजली घरे. आमच्या मंडळींचे मन त्या घरांत गुंतले होते. मी कागदावर मांडले: सात मीटरांचा मऊ थर, त्यातून लाट समजा सेकंदास एकशेचाळीस मीटरांनी जाते, थराच्या जाडीच्या चौपटीस वेगाने भागले की त्याचा ताल निघतो. उत्तर आले सेकंदाचा एक पंचमांश. नेमका दुमजली घराचा ताल! मेक्सिकोत खोल गाळ उंच इमारतींचा वैरी ठरला. येथला उथळ गाळ बुटक्या घरांवर डोळा ठेवून होता. उंच इमारतीचे खांब कातळापर्यंत नेलेले होते, पण तिचा तळमजला अहमदाबादच्या धर्तीचा, मोकळा.

शेवटी आम्ही चढावरच्या एका जुन्या चारमजली इमारतीत घर घेतले. तेथे दीड मीटरावर मुरूम लागतो आणि तळमजल्यास भिंती आहेत. तळे तेथून दिसत नाही. मंडळींची बाग आता आठ कुंड्यांत आली आहे. कुंड्यांसाठी माती मात्र त्यांनी त्या तळ्याच्या काठूनच आणविली. गाळाच्या मातीत झेंडू फार चांगला येतो म्हणे.