‘दाखला’ नव्हे, ‘प्रमाणपत्र’

मागच्या जूनमधली गोष्ट. मगरिबची नमाज पढून घरी आलो तर ओट्यावर आमच्या मोहल्ल्यातले बागवानभाई बसलेले. फळांचा गाडा लावतात. सोबत मुलगी होती. पहिली ते सातवी आमच्याच उर्दू शाळेत शिकली, पुढे बारावी सायन्स केलं, आता इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. दोघांचे चेहरे उतरलेले.

“सर, वो केंद्रवाला बोलता, मुसलमानों को ओबीसी नहीं मिलता. दाखले पे मुसलमान लिखा है, तो ओपनमें भरो बोलता.”

मुलीनं शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. जातीच्या रकान्यात ‘मुस्लिम’ एवढंच. मी ते अक्षर ओळखलं. माझंच होतं. बारा वर्षांपूर्वी पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी मीच रजिस्टर भरलं होतं. जात कोणती, हे बागवानभाईंना मी विचारलंही नव्हतं. आपल्यात जातपात नसते, मग विचारायचं कशाला, असं तेव्हा वाटायचं. त्या एका शब्दाची किंमत त्या संध्याकाळी समोर येऊन बसली होती.

किंमत म्हणजे नेमकं काय? २०२४-२५ पासून आपल्या राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे ते प्रमाणपत्र मिळालं तर मुलगी शिकणार, नाही मिळालं तर बागवानभाई कर्ज काढणार किंवा मुलीला घरी बसवणार. मी म्हटलं, “आज रात्री मी शोधतो. उद्या फजरनंतर या.”

जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन बसलो. शासन निर्णयांचं सरकारी संकेतस्थळ मला माहीत होतं. बदल्या आणि वेतनश्रेणीच्या निमित्तानं प्रत्येक शिक्षक तिथं जातोच. शीर्षकाच्या चौकटीत टाईप केलं, ‘मुस्लिम ओबीसी जात दाखला’. काहीच नाही. विभाग निवडला अल्पसंख्याक विकास. तरीही काही नाही. अर्धा तास असाच गेला. केंद्रवाला खरंच बोलला की काय, अशी शंका यायला लागली.

मग स्वतःवरच हसू आलं. पोरांना वीस वर्षं भाषा शिकवतोय आणि इथं मी शासनाशी मोहल्ल्याच्या भाषेत बोलत होतो! शासन ‘दाखला’ म्हणत नाही, ‘प्रमाणपत्र’ म्हणतं. ‘ओबीसी’ म्हणत नाही, ‘इतर मागास वर्ग’ म्हणतं. आपण ‘जात पडताळणी’ म्हणतो, तिथं ‘जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी’ असते. आणि तिथला शोध शीर्षकात चालतो, कागदाच्या पोटातल्या मजकुरात नाही. बरेचसे जुने कागद तर स्कॅन केलेली छायाचित्रं आहेत; त्यातलं अक्षर माणसाला दिसतं, यंत्राला नाही. त्यामुळे शीर्षक लिहिणाऱ्या बाबूनं कोणते शब्द वापरले असतील, हे आपल्याला आधी ओळखावं लागतं.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. आपल्यातले निम्मे लोक ‘अल्पसंख्यांक’ लिहितात, विभागाचं नाव आहे ‘अल्पसंख्याक’. ‘उर्दू’ कुठं दीर्घ, कुठं ऱ्हस्व. एका मात्रेनं शोध कोरा परततो. यावर मला सापडलेला उपाय असा, की शब्द अर्धाच टाकायचा. ‘अल्पसंख्य’, ‘प्रमाणप’, ‘मागास’. विभक्तीचे प्रत्यय लागण्याआधीचा भाग पकडला की जाळ्यात जास्त मासे येतात.

तिसरी चूक विभागाची. प्रश्न मुसलमानांचा म्हणजे तो अल्पसंख्याक विभागाकडे असणार, हे मी गृहीतच धरलं होतं. पण ओबीसी यादीत बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन आहेत ते धर्मामुळे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्याचा धंदा आणि सामाजिक मागासलेपण, यामुळे आहेत. म्हणून ते कागद दुसऱ्या कपाटात असतात. त्यातही एक मेख आहे. २०१७ साली ओबीसींसाठी वेगळा विभाग झाला, तोच आज इतर मागास बहुजन कल्याण विभाग म्हणून ओळखला जातो. त्याआधीचे निर्णय सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. २०१२ चा कागद आजच्या विभागात शोधत बसलात तर सकाळ होईल. म्हणून विभाग निवडताना त्या वर्षी हे काम कोणाकडे होतं, हे आधी विचारायचं.

त्या रात्री सर्वांत जास्त कामाला आला तो शासन निर्णयाचा साचा. प्रत्येक निर्णयाच्या वरच्या भागात ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असं लिहून आधीच्या निर्णयांची यादी दिलेली असते. आपण ती ओलांडून थेट खाली जातो. खरं तर तीच शिडी आहे. एक बऱ्यापैकी अलीकडचा कागद हाती लागला की त्याच्या ‘वाचा’मधले क्रमांक आणि तारखा वहीत उतरवायच्या, मग तारखेची चौकट वापरून एकेक पायरी मागं जायचं. आमच्याकडे हदीस सांगताना कोणी कोणाकडून ऐकली ही साखळी सांगतात, तसंच हे. ज्याची साखळी सापडत नाही त्या कागदावर भरवसा ठेवायचा नाही.

पण मागं जाणं पुरेसं नसतं, पुढंही यावं लागतं. व्हॉट्सॲपवर अजूनही एक पान फिरतं, त्यात नॉन-क्रीमीलेअरची मर्यादा सहा लाख लिहिलेली आहे. ते पान खोटं नाही, जुनं आहे. २०१३ साली सहा लाख होती, २०१७ साली आठ लाख झाली. खरा पण शिळा कागद खोट्यापेक्षा जास्त घातक, कारण त्यावर शिक्का असतो. म्हणून जे सापडेल त्यावर नंतर शुद्धिपत्रक निघालंय का, ‘अधिक्रमित’ असा शब्द पुढच्या एखाद्या निर्णयात आलाय का, हे बघायचंच. आणि कोणी निर्णय पाठवला तर त्यावरचा संगणक सांकेतांक बघा. लांबलचक आकडा असतो. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन विभागाचे. तो आकडा संकेतस्थळावर टाकला आणि तोच कागद उघडला तर कागद अस्सल.

शिडी चढत मी जिथं पोचलो तो मात्र शासन निर्णय नव्हताच. तो होता कायदा, जातीच्या प्रमाणपत्रांचा २००० सालचा अधिनियम, आणि त्याखालचे २०१२ चे नियम. नियम राजपत्रात छापले जातात, निर्णयांच्या कपाटात नाही. निर्णय आणि परिपत्रकं ही नियमांच्या खालची. मूळ पुरावा कोणता चालतो हे नियमच सांगतात. त्या नियमांत माझ्या कामाची गोष्ट होती. पुरावा फक्त अर्जदाराचा किंवा बापाचाच असला पाहिजे असं नाही, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचाही चालतो. ओबीसींसाठी महत्त्वाची तारीख १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीची जातीची नोंद मिळाली तर काम सोपं. रात्रीचा दीड वाजला होता.

सकाळी बागवानभाई आले. ते शाळेत गेलेच नव्हते, त्यांचे अब्बाही नाहीत. “खानदानात कोणी शाळेत गेलं होतं का?” खूप आठवून म्हणाले, “अब्बांचे धाकटे भाऊ. दोन-तीन जमाती शिकले होते.”

त्या दिवशी दुपारी आम्ही नगरपालिकेच्या जुन्या उर्दू शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून दाखल-खारिज रजिस्टरं काढून दिली. कसर लागलेली, शाई उडालेली, सगळी उर्दूत, आणि तीही घाईच्या हस्ताक्षरात. तिसऱ्या रजिस्टरात १९५८ ची नोंद सापडली. नाव, वल्दियत, आणि कौमच्या रकान्यात कुणा अनामिक उस्तादानं नीट लिहिलेलं, ‘मुसलमान बागवान’. त्या माणसानं विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं.

पुढचं सांगतो. नोंदीचा उतारा घेतला, त्याचं मराठी भाषांतर मी करून दिलं, मुख्याध्यापकांनी सही-शिक्का दिला, शपथपत्रावर वंशावळ जोडली. नियमांच्या त्या पानाची प्रत अर्जावर टाचली आणि ती ओळ पेनानं अधोरेखित केली. प्रांत कार्यालयातून जातीचं प्रमाणपत्र आलं. पडताळणीचा अर्ज समितीकडे गेला, त्याची पोच घेऊन मुलीनं प्रवेशाचा फॉर्म भरला. केंद्रवाल्यावर माझा राग नाही. तो रोज शंभर माणसं बघतो. त्याला जे माहीत होतं ते त्यानं सांगितलं. आपल्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो शेवटचा शब्द ठरला.

यंदा आमच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाला मी स्वतः बसतो. प्रत्येक आई-बापाला विचारतो, तुमचे आजे-पणजे काय करायचे, जात काय लावतात, कुठं लिहिलेलं आहे का. काही जण बिचकतात. “सर, इस्लाममें जात कहाँ?” मी म्हणतो, “अल्लाहच्या दरबारात नाही. पण या रजिस्टरात रकाना आहे, आणि तो रिकामा ठेवला तर उद्या तुमच्या पोरीला भरावा लागतो.”

परवा ती मुलगी कॉलेजहून सुटीत आली होती. वसतिगृहाच्या भत्त्याचा एक निर्णय शोधत होती. मी मोबाइल हातात घेणार तोच तिनं वही पुढे केली. ‘वाचा’मधले पाच क्रमांक उतरवलेले, तीन सापडले, दोन राहिले. म्हणाली, “सर, हे दोन बहुतेक जुन्या विभागाकडे असतील ना?”