तगरचे निनावी कलावंत

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे आज तेरणा नदीच्या काठचे एक साधे गाव दिसते. परंतु याच भूमीवर प्राचीन काळी तगर नावाची भरभराटीची पेठ नांदत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नामक ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले आहे. येथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असे. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट या पंडिताने १९०१ साली प्रतिपादिले.

आम्ही तेथे गेलो ते मुख्यत्वे रामलिंगप्पा लामतुरे यांचा संग्रह पाहण्यासाठी. गावच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू या गृहस्थांनी मोठ्या निष्ठेने जमविल्या आणि पुढे त्यांचे शासकीय संग्रहालय झाले. त्यातील सातवाहनकालीन मृण्मूर्तींपुढून आमचा पाय निघेना. केओलिन नामक पांढऱ्या मातीच्या या मूर्ती आतून पोकळ आहेत. पुढचा व मागचा भाग निरनिराळ्या साच्यांत दाबून, दोन्ही सांधून, मग भाजावयाचे, अशी ती रीत. केशरचना व अलंकार इतके रेखीव की, ही फावल्या वेळची करमणूक नव्हे, या कामावर कित्येकांचा चरितार्थ चालत असला पाहिजे, असे मनात येते. एकाने साचा कोरावा, दुसऱ्याने माती मळावी, तिसऱ्याने भट्टी सांभाळावी, असे चित्र आम्ही तर्काने उभे केले.

याच गावी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतील पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य विद्वानांनी दाखविले आहे. आपल्याकडची कला समुद्रापार गेली. कर्त्याचे नाव मात्र कोठेच पोहोचले नाही.

या विचारासरशी आम्हांस पुण्यातील एका खोलीचे स्मरण झाले. आमचा एक माजी विद्यार्थी तेथे आणखी तिघा चित्रकारांसह काम करतो. कोणीही कोणाचा नोकर नाही; भाडे चौघे वाटून घेतात, काम ज्याचे त्याने मिळवावे. एक पाठ्यपुस्तकांची चित्रे काढतो, दुसरी मुखपृष्ठे करते. कागदाच्या जागी पुष्कळदा संगणकाचा पडदा असतो. पण एकाच्या चित्रातील बैलाचे खूर चुकले की बाकीचे तिघे मान वळवून सांगतात, ही गोष्ट जुन्या कारखान्यातलीच. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, परवाच्या पुस्तकाचे पैसे वेळेवर मिळाले, पण माझे नाव छापलेच नाही. नाव दिसले तरच पुढचे काम दारी येते." त्याच्या बोलण्यात अहंकार नव्हता, पोटाची काळजी होती. वस्तुतः १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने, हक्क विकल्यावरही 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. परंतु चार पैशांसाठी पुन्हा त्याच दारी जावयाचे असता कायदा उघडून दाखविणार कोण?

संग्रहालयातून आम्ही संत गोरोबाकाकांच्या समाधीस गेलो. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे हे पारखणारा हा कुंभार सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. तेरच्या मातीत हात घालणाऱ्या असंख्यांपैकी लोकांच्या ओठी राहिले ते हे एकच नाव, आणि तेही मडक्यांमुळे नव्हे, भक्तीमुळे! मग ज्यांच्याजवळ केवळ कसबच होते, त्यांनी कोणाकडे पाहावे?

तगरच्या त्या हातांना नावे देणे आता कोणाच्याच आवाक्यात नाही. जे हात आज आपल्या मुलांसाठी राजा, राक्षस आणि चिमणी रेखाटीत आहेत, त्यांची गोष्ट निराळी. वाचकांस आमची एवढीच विनंती की, घरी गोष्ट वाचून दाखविताना लेखकाच्या नावापाठोपाठ चित्रकाराचेही नाव मोठ्याने वाचावे. आणि ते छापलेले नसेल, तर प्रकाशकास एक पत्र अवश्य टाकावे.