बंदा टिकेगा?

१९८०च्या दशकात चंडीगडला ‘प्लेसमेंटचं काम करतो’ असं सांगितलं की समोरचा हळूच विचारायचा, “सेक्रेटारिएटमध्ये कोण ओळखीचं आहे?” शहर एक आणि सरकारं तीन, पंजाबचं, हरियाणाचं आणि केंद्रशासित प्रदेशाचं. नोकरी म्हणजे यांपैकी एकाची, नाहीतर बँकेची. मोठे कारखानेही सरकारी सावलीतलेच होते. मोहालीत ‘स्वराज’ काढणारी पंजाब ट्रॅक्टर्स, पिंजोरला एचएमटी. उरले ते त्यांना सुटे भाग पुरवणारे इंडस्ट्रियल एरियातले छोटे कारखानदार. आमच्यासारख्यांचे क्लायंट तेच.

ऑफिस म्हणजे सेक्टर १७ मधल्या एका एससीओच्या, म्हणजे ‘शॉप-कम-ऑफिस’च्या, वरच्या मजल्यावरची खोली. टाइपरायटर, फोन आणि बायोडेटांनी फुगलेलं लोखंडी कपाट. जागा भरायची तर ‘द ट्रिब्यून’मध्ये बॉक्स नंबर देऊन जाहिरात द्यायची. लाहोरात जन्मलेलं हे पत्र फाळणीनंतर सिमला, अंबाला करत १९६९ साली इथे आलं, आणि या भागात ज्याच्या घरी ते येत नाही असा नोकरी शोधणारा सापडणं कठीण होतं. आठवड्याभराने पाकिटांचा गठ्ठा यायचा. तो चाळून चार माणसं निवडायची आणि कारखानदारासमोर बसवायची. सरदारजी पदवी-बिदवी फारशी बघत नसत. चहा पुढे सरकवून मला एकच विचारत, “बंदा टिकेगा?”

या प्रश्नाचं उत्तर कपाटात मिळत नसे. त्यासाठी कारखान्यात जावं लागे. शॉपफ्लोअरवर चक्कर मारायची, फोरमनशी बोलायचं आणि शेवटी गेटबाहेरच्या टपरीवर बसायचं. आधीचा माणूस का सोडून गेला ते मालकापेक्षा टपरीवाल्याला नेमकं ठाऊक असायचं. मग मालकाला सांगायचं, “पगार ठीक आहे, पण तुमचे भाचे सगळ्यांसमोर ओरडतात. तिसराही जाईल.” काहींनी यावर दार दाखवलं. ज्यांनी ऐकलं त्यांची मुलं आज कारखाने चालवतात आणि अजून फोन करतात. मोबदला एक महिन्याचा पगार, म्हणजे वर्षाच्या ८.३३ टक्के. हा आकडा धंद्यात आजही तोच ऐकू येतो. ज्याच्याकडे माणूस दिला, त्याच्याकडून माणूस उचलायचा नाही हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. तो मोडणाऱ्याचं नाव मात्र अंबाल्यापर्यंत पोहोचायचं.

खरी परीक्षा झाली बद्दीत. २००३ च्या जानेवारीत केंद्राने हिमाचलसाठी औद्योगिक पॅकेज जाहीर केलं. उत्पादन शुल्क दहा वर्षं माफ, आयकर पहिली पाच वर्षं माफ. चंडीगडपासून तासा-दीड तासावरच्या त्या गावात औषधकंपन्यांची रीघ लागली. इमारती उभ्या राहिल्या, पण क्वालिटी कंट्रोलची आणि प्रॉडक्शनची अनुभवी माणसं आणायची कुठून? मी थेट आपल्याकडे, महाराष्ट्राकडे वळलो. तारापूर, महाड, तेव्हाचं औरंगाबाद इथले केमिस्ट म्हणजे तयार माणसं. पगारात चांगली उडी मिळत होती, त्यामुळे हो म्हणायला कुणी वेळ लावत नसे. पळून जायलाही लावत नसे. बद्दीत राहायला धड घर नव्हतं, रस्त्यावर ट्रक आणि धूळ, मुलांच्या शाळेची पंचाईत. नवरा बारा तास प्लांटमध्ये आणि बायको परक्या मुलखात एकटी.

म्हणून उमेदवाराच्या बायकोशी फोनवर बोलल्याखेरीज मी नाव पुढे करत नसे. तिला तेव्हा सांगायचो, पंचकुल्यात घर घ्या, शाळा तिथे आहेत, नवऱ्याला कंपनीची बस आहे, पिंजोरच्या रस्त्यावर ती अडकते हे धरून चाला. सासू-सासरे येणार असतील तर पश्चिम एक्स्प्रेसला चंडीगडकडचे डबे असतात, अंबाल्याला गाडी तुटते, झोपेत चुकीच्या डब्यात राहिलात तर अमृतसर. गणपतीत इथल्या मराठी मंडळींत ओळखी करून देऊ. स्थळ दाखवताना मुलाचे दोषही सांगावेत, तसंच हे. ऐकून काहीजणी तिथेच नाही म्हणायच्या आणि माझी फी बुडायची. ज्या आल्या त्यांची बिऱ्हाडं मात्र स्थिरावली. नव्वद दिवसांत माणूस गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा, हे कलम त्या काळात माझ्या अंगावर क्वचितच आलं.

तेव्हा सगळं सोन्याचं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. “अपना बंदा” हवा, म्हणजे जात-गाव पाहून हवा, हे उघड बोललं जायचं. शॉपफ्लोअरवर बाई नको, हेही. पगार किती मिळू शकतो ते उमेदवाराला कळत नसे आणि त्या अंधारावर आमच्यातल्या अनेकांनी पैसा केला. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं, पुढे लिंक्डइन आलं आणि तो अंधार गेला. आज लातूरची मुलगी घरी बसून बद्दीतल्या पगारांची तुलना करते. हे चांगलंच झालं.

पण आता क्लायंट विचारतो, “संध्याकाळपर्यंत किती सीव्ही?” पोर्टलवर ज्याने आधी चढवला त्याचा उमेदवार, मागाहून पाठवणाऱ्याचा ‘डुप्लिकेट’. मग उमेदवाराशी बोलत कोण बसणार? फीची घासाघीस खरेदी विभाग करतो, बेअरिंग घेतात तशी. तिकडे तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमध्ये उमेदवार एक ऑफर दाखवून दुसरी मिळवतो आणि जॉयनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवतो. मी त्याला दोष देत नाही. त्याला फोन करणाऱ्या पाच जणांपैकी एकानेही प्लांट पाहिलेला नसतो, आणि हल्ली मुंबई-गुरुग्रामला बसलेल्या एचआरनेही पाहिलेला असेलच असं नाही. वेग वाढला म्हणून विश्वास गेला हे मला पटत नाही. बद्दीला जाऊन यायला आजही एक दिवसच पुरतो. तो दिवस कुणी खर्च करत नाही.

पिंजोरच्या एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, स्वराज २००७ पासून महिंद्रांकडे आहे. बद्दीतल्या कंपन्या अजून मराठी केमिस्ट शोधतात. तुमच्या घरी तसा फोन आला तर पगाराआधी विचारा, “प्लांट तुम्ही स्वतः पाहिलाय का? आधीचा माणूस का गेला?” उत्तर अडखळलं तर राजीनामा देण्याआधी रजा काढून एकदा बद्दीला जाऊन या, आणि शक्य असेल तर बायकोला बरोबर न्या.