घाट चढण्याआधी

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. कानडी घरात त्याला आयुधपूजा म्हणतात, एवढाच काय तो फरक. पण मार्गशीर्षात थंडी पडू लागली आणि घाटात जायचं ठरलं, की गाडीकडे पुन्हा एकदा नीट बघावं लागतं. ते काम हारफुलांनी होत नाही.

माझं माहेर बेळगावचं, सासर बऱ्हाणपूरचं. इथल्याच कॉलेजात मी शिकवते. तापीकाठचं हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर. नाताळच्या सुट्टीत आम्ही खकनार, देडतलाई, धारणी, हरिसाल, सेमाडोह असं करत मेळघाटातून चिखलदऱ्याला जातो. ते १,११८ मीटर उंचीवर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हा भूगोलातला धडा तिथे अंगावर शहारा आणून पटतो. हिमालयासारखा बर्फ इथे पडत नाही, चाकांना साखळ्या बांधाव्या लागत नाहीत. पण पहाटेचं दाट धुकं, दहिवराने ओला झालेला रस्ता आणि वळणावर अचानक उभं ठाकलेलं सांबर यांची तयारी हवीच.

आमच्या गाडीत पंचाहत्तरी ओलांडलेली आई असते. तिला दमा आहे. जंगलात मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही आणि दवाखाना जवळ नाही. गाडी बंद पडून कडाक्याच्या थंडीत दोन तास बसावं लागलं, तर तिचं काय होईल, या विचारानेच मी निघण्याच्या आठवडाभर आधी मिस्त्रीकडे जाते.

पहिली बॅटरी. थंडीत तिचा जोर कमी होतो आणि इंजिन फिरवायला तर जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षं जुनी असेल तर तपासून घ्यावी. टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली असेल तर ती साफ करून घ्यावी. दुसरी चाकं. तापमान पाच-सहा अंशांनी घसरलं की हवा साधारण एक पौंडाने कमी होते. म्हणून हवा सकाळी, चाकं गार असताना बघावी. स्टेपनीतही बघावी, तिची आठवण पंक्चर झाल्यावरच येते! रेडिएटरमध्ये नुसतं पाणी न घालता कूलंट घालावं. चढावर इंजिन तापू नये म्हणूनही ते लागतं.

चढापेक्षा उतार अवघड. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि जुनं तेल लांब उतारावर तापून उकळलं तर ब्रेक लागत नाही. ते वेळेवर बदलावं. शिवाय ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावं, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरतं.

धुक्यात मोठा दिवा लावू नये. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. खालचा झोत ठेवावा. आतून काच धुरकटली तर एसी आणि हीटर एकत्र चालू करून वारा काचेवर सोडावा. बऱ्हाणपूरभोवती केळीचे ट्रक आणि मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या भेटतात, तेव्हा पुढची काच लख्ख हवी. वायपरचं रबर आधीच बदलून घ्यावं.

एक गोष्ट मुलांनाही सांगून ठेवा. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये. कोळशाची शेगडी तर आत मुळीच नको. त्या विषारी वायूला वास नसतो.

सोबत ब्लँकेट, बॅटरी, पाणी, आईचा पंप आणि थर्मासमध्ये चहा. चहा फक्त जाताना. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, त्यामुळे येताना आईच्या थर्मासमध्ये दुसरं काही भरता येत नाही.

धुकं दिसलं की ती मागून म्हणते, ‘मंजु बिद्दद, सावकाश.’ यातला शेवटचा शब्द मराठी की कानडी, यावर घरात वाद होतो. मी मात्र तो ऐकला की गिअर खाली आणते.