एका ‘ते’ची गोष्ट

गतवर्षीं माद्रिद येथें कन्येच्या घरीं असतां, वयाच्या ६४ व्या वर्षीं मी पुनः विद्यार्थी झालों. आणि गुरु लाभला तो पांच वर्षांचा दौहित्र! त्यास स्पॅनिशखेरीज भाषा येत नाहीं. “लेबान्ताते” म्हणजे ऊठ. “स्येन्ताते” म्हणजे बस. शब्दशः ‘स्वतःस उठव’, ‘स्वतःस बसव’. आपल्या आत्मनेपदाची आठवण व्हावी! आज्ञेंत ‘ते’ हें सर्वनाम क्रियापदाच्या शेवटीं चिकटतें. निषेधांत तें सुटून आधीं येतें व क्रियापदाचें रूपही पालटतें. “नो ते लेबान्तेस”, उठूं नकोस. संस्कृतांतही आज्ञेस लोट्, परंतु ‘मा’च्या योगें लुङ्, म्हणून हा नियम मला परका वाटला नाहीं. आजोबांस एकेरी आज्ञा करणें हा त्या घरीं अविनय नव्हे, माया होय.

निघतेवेळीं त्यानें माझें उपरणें धरिलें. “नो ते बायास.” जाऊं नकोस.

“मे बोय”, मी जातों, हें उत्तर मला येत होतें. पण निघतांना ‘जातों’ म्हणूं नये, हा आपला घरचा संस्कार. मी मराठींतच म्हणालों, “येतों हं, बाळ.”

कन्येनें त्यास अर्थ सांगितला. त्यानें लगेच विचारलें, “क्वान्दो?”

केव्हां?